जपानी काच

महाराज बाड्यावर डिसेंबरचं ऊन
गजकच्या वडीसारखं, हात लावला की तुटणारं.
विद्याधर गजकच्या दुकानापाशी पिशव्या मोजत उभे,
मी एकटीच समोरच्या दुकानात शिरले.
लेन्सचं झाकण काल गुजरी महालात कुठंतरी पडलं होतं,
तेवढंच हवं होतं. साठ रुपयांचं.

"आपण मराठी?" त्यानं विचारलं
आणि स्टूल पुढं केलं.
"आम्ही भालेराव. सहा पिढ्या लष्करात."
लष्कर म्हणजे इथली वस्ती, तलवार नव्हे,
हे गाइडनं मला सकाळीच सांगितलेलं.
त्याची मराठी जुनी, इस्त्री केलेली,
मधेच हिंदीची एखादी चुणी.
चहा सांगितला. नको म्हणायच्या आत आलाही.

"बघू जरा," म्हणत त्यानं
माझ्या गळ्यातला कॅमेरा उतरवून घेतला,
तान्हं मूल आईकडून घ्यावं तसा, मान सांभाळून.
उजेडाकडे धरला, काचेवर फुंकर मारली
आणि जीभ टाळूला लावून
च्च् केलं.

महाबळेश्वरच्या बाजारात, आमच्या फोटोच्या दुकानात
नाना अगदी असंच करायचे.
गिऱ्हाईक बहुतेक जोडपंच.
त्याचं सासरहून आलेलं घड्याळ,
तिचा कोपरापर्यंत हिरवा चुडा.
आधी कॅमेरा काउंटरच्या आत घ्यायचा.
मग फुंकर. मग च्च्.
मग, "इथं धुकं फार, साधा रोल धरत नाही,"
आणि खालच्या खणातून निघायचा तो खास रोल,
ज्याच्या खोक्यावरची तारीख
मी, सातवीतली, दुपारच्या वेळी
ब्लेडनं खरवडून ठेवलेली असायची.
खोक्यामागे चार आणे.
मी त्यांच्या लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या.

"फंगस धरलंय, ताई," भालेराव म्हणाला.
"ही जपानी काच बसवून घ्या.
बाहेरच्याला साडेचार हजार. तुम्हाला बावीसशे.
आपल्या माणसाकडून काय कमवायचं?"
काच निळसर होती. डबीच्या कोपऱ्यात
स्टिकरवर स्टिकर.
माझं नख आपोआप तिकडे गेलं,
त्याला सवय होती.

त्यानं ते पाहिलं. त्यानं पाहिल्याचं मी पाहिलं.
दुकानात क्षणभर कुणीच मराठी नव्हतं.

"आधी कॅमेरा द्या," मी म्हणाले, "मग बोलू."
पट्टा मानेवर आला तेव्हा कुठं श्वास सुटला.
"पक्कं बिल मिळेल ना?"
मशीन बिघडलं होतं. भाऊ गावाला गेला होता.
आणि लेन्सवरचं फंगस, पुन्हा पाहिलं तर,
नव्हतंच.
त्याच्याच तोंडची वाफ होती ती.

चहा संपवला. साठाचं झाकण
ऐंशीला घेतलं. घासाघीस केली नाही.
का नाही, ते विद्याधरना सांगितलं नाही;
दोन किलोत दीडशे ग्रॅम कमी भरली म्हणून
ते आधीच गजकवाल्यावर चिडलेले.

संध्याकाळी किल्ल्यावर, मानमंदिराच्या भिंतीवर
निळ्या फरशांतून पिवळ्या बदकांची रांग,
पाचेकशे वर्षं उन्हात, कसलीही काच न लावता.
मी फोटो काढले. एक जरा हलला.

पण बदकांवर नजर ठरेना.
कुठल्या कुठल्या गावची ती जोडपी,
महिन्याभरानं रोल धुवायला टाकणारी.
कुणाच्या तरी कपाटात, शालूच्या घडीखाली
एल्फिन्स्टन पॉइंटवरचे चार दिवस असतील,
हिरवट, दुधाळ, चेहरे नसलेले,
आणि ती अजूनही सुनेला दाखवत म्हणत असेल,
किती धुकं होतं गं तेव्हा.