मोड

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात, साडेदहाच्या सुमाराला,
उर्मास नावाचा एक उंच म्हातारा
सगळे पैसे तळहातावर पसरून उभा होता,
पत्ते उघडे करून डाव सोडावा तसा.
समोर सत्यवती कुबल, बांगड्यांचे वाटे,
आणि तिचा भाव : अडीचशे.
घे, तो खुणेनं म्हणाला. तुझे तू घे.

तिनं दोन काढल्या, एक पिवळी, एक निळी.
मग खवल्यांच्या हातानं त्याची बोटं
उरलेल्या पैशांवर दुमडली.
"मूठ धाप रे बाबा. वारो आसा."

वारा नव्हता.
बर्फाच्या खोक्यांवर तीन पोरं बसली होती.

मी बँकेत एकतीस वर्षं कॅशला होते.
मला असं बघवत नाही.
सोड्याच्या दुकानातल्या बाकावर त्याला बसवलं
आणि रंगांपासून सुरुवात केली.

दोनशेची आंब्याच्या फोडीची.
पन्नासची, ती बघ, त्या होडीची.
वीसची पाडाला आलेल्या कैरीची, दहाची जुन्या सुपारीची.
शंभरची धुऊन धुऊन विटलेल्या जांभळ्या पातळाची.
आणि ही राखाडी पाचशेची, भिजल्या पत्र्यासारखी,
ही बाजारात काढायची नाही.
ही लॉजवाल्याला, तीही त्याच्या समोर मोजून.
सुटे वरच्या खिशात, बाकीचे आतल्या,
आणि आतला खिसा आहे हे
सारखा हात लावून जगाला सांगायचं नाही.
फाटकी कुणी दिली तर परत दे. हसून दे.
त्यात अपमान नाही, आम्हीही एकमेकांच्या गळ्यात मारतोच.
दहाचं नाणं खरं असतं, तरी कुणी घेत नाही.
का, ते मला विचारू नकोस.

त्यानं एक नोट उजेडात धरली.
कोऱ्या जागेत चेहरा उगवला, तसा हसला.
मग कडेच्या लिप्यांवरून नख फिरवत म्हणाला,
इतक्या भाषांत एकच रक्कम?
हो, म्हटलं. वाचता आलं नाही असं कुणी म्हणायला नको.

अडीच त्याला कळेना.
तीनला अर्धा कमी, की दोनला अर्धा जास्त?
म्हटलं, साडेतीनपासून सोपं होतं,
त्याच्या आधीचं सगळं पाठच करावं लागतं.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
धाकट्याकडे मस्कतला गेले तेव्हा
एका किराणा दुकानात माझ्याजवळ दोन नोटा होत्या.
एकीवर अर्धा लिहिलेलं, एकीवर शंभर.
मी रुबाबात शंभराची दिली
आणि परत काय येतं याची वाट बघत उभी राहिले.
मागे रांग. दुकानदार काहीतरी सांगतोय.
शंभर बैसा म्हणजे रियालचा दहावा हिस्सा,
हे घरी सुनेनं सांगितलं होतं, पण कानावरून गेलं होतं.
डोळे मिटून बंडलातली एक कमी नोट ओळखणारी मी,
मी तळहात उघडला.
त्यानं हवं तेवढं उचललं,
आणि माझी बोटं दुमडली.

दुसऱ्या दिवशी उर्मास परत आला. एकटाच.
मी सुंगटं निवडत असल्याचं दाखवलं.
त्यानं भाव विचारला, ओठ हलवून हिशेब केला,
वरच्या खिशातून तीन नोटा काढल्या,
दोन जांभळ्या, एक सुपारीची, एकेक.
वाटा एकशे नव्वदचा होता.
सत्यवतीनं मोजल्या. कनवटीला हात घातला, चाचपलं.
"मोड नाय. फाल्या घे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
फाल्या म्हणजे उद्या, मी म्हटलं.

त्याची गाडी पहाटेची होती, मला माहीत होतं.
तो मान हलवून म्हणाला, फाल्या,
आणि पिशवी घेऊन
बंदराच्या बाजूला चालू लागला.