रकाना

किनवटच्या पुढे, सागाच्या कूपात
फुलपाखरं मोजायचं काम माझ्याकडे आलं.
छापील तक्त्यात सात रकाने होते.
निलवंताला स्वतंत्र रकाना, वर ठळक अक्षरं.
वाळवीला नव्हता.
कोण मोजणार म्हणा, आणि कशाला.

पोळा नुकताच झालेला.
ऊन चढलं की ती येतात, असं पुस्तकात होतं.
लेतू आत्राम पुस्तकाआधीच
बेलाखाली जाऊन बसत,
बिडी कानावर, न पेटवलेली.

निलवंत आला.
जास्त नीळ पडलेल्या सदऱ्यासारखा.
टणटणीवर, मग माझ्या टोपीवर, मग कुठेच नाही.
एक लिहिला.
परत आला तो तोच, की दुसरा?
दोन लिहिले. एक खोडला.

बेलाच्या बुडाशी वारूळ, माझ्या खांद्याइतकं.
आत्रामांनी काडीनं जरासा पोपडा काढला.
आत फिकट, आंधळी घाई.
उजेड लागताच एकीनं दुसरीला हुंगलं
आणि भोक बुजवायला लागल्या,
मातीचा एकेक ओला दाणा तोंडात धरून.
मी म्हटलं, बिचाऱ्या. जन्मात फूल नाही.
आत्राम हसले.
"म्याडम, ह्यांच्यातबी पंखवाले असतेत.
एका सांजेपुरते उडतेत,
मग सोताच मोडून टाकतेत पंख
आन् जमिनीत जातेत, संसाराला."

तेवढ्यात निलवंत उतरला
त्याच ओल्या भोकाच्या काठावर.
सोंड उलगडली, खार शोषू लागला.
किती हात खालून आणलेली ती ओल
कोण जाणे.
त्यानं वारुळाकडे पाहिलं नाही.
तिला तर डोळेच नव्हते.
मी पेन धरून उभी. काय लिहायचं असतं अशा वेळी?
"काळजी नको," आत्राम म्हणाले, "त्यो आता हलत नाय."

दिवाळीनंतर चौकीची फळी काढली
तर रजिस्टरात बोगदे.
सात रकाने, ठळक अक्षरं,
एक, दोन, खोडलेला एक,
सगळं मातीनं लिंपलेलं, नीट, गुळगुळीत.
खोडलेलाही खाल्ला होता, भेद न करता.

रेंज ऑफिसला कळवलं:
नोंदी नष्ट.
खाली 'कारण' असा रकाना होता.
तिथं तिचं नाव लिहिलं,
पहिल्यांदाच, शाईनं.

यंदा नवं रजिस्टर पत्र्याच्या पेटीत ठेवलंय.
पेटी मात्र
लाकडी फळीवरच आहे.