नाव कोणाच्या नावार

वेंगुर्ल्यात, दाभोली नाक्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.
एक टेबल, एक लॅपटॉप, रडतखडत चालणारा इन्व्हर्टर,
आणि जिन्याशी पाटी : वेबसाइट करून मिळेल.
तिच्याखाली कुणी खडूने लिहून गेलंय : ब्लाउज पण घेतात काय?
घेत नाही. पण माणसं येतात ती
माप द्यायला आल्यासारखी, जरा अंग चोरून.

ताराबाय खवणेकर आली ती पिशवी घेऊनच.
आगळाच्या दोन बाटल्या, सोलं, फणसाची साटं,
कुळथाचं पीठ पेपरात बांधलेलं.
"ह्यां सगळां दिसाक होया. पयलां आगळ."

आणि मग तो प्रश्न, जो सगळेच विचारतात,
होडीवाले, खानावळवाले, काजूवाला डिसोजा सुद्धा :
"पण तां रवता खंय?"

लांब, म्हटलं. एका थंड खोलीत, दुसऱ्याच्या यंत्रावर.
त्या जागेचं भाडं वर्षाचं.
"आणि नाव?"
नावाचं वेगळं.
"नावाचां पण भाडां?"
दर वर्षी.
"जत्रेत खाजावाल्याकडसून जागेचे पैशे घेतत.
पाटयेचे नाय घेनत."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आणि हयली लाईट गेली तर?"
तुमच्याकडची गेली तरी ते चालूच.
"म्हंजे माझ्यापेक्षा जास्त जागता," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

मी नमुना दाखवला. वर बाटली, खाली दोन ओळी,
बाजूला पांढरी, मोकळी जागा.
"ही जागा रिकामी कित्याक?"
डोळ्यांना विसावा.
"चटयेर मी एवढी जागा सोडलंय तर
लोक म्हणतले, बायची सोलां संपली."
मी जागा निम्मी केली.
तिने हात पदराखाली घेतले, रातांब्याने काळवंडलेले.
"फोटोत ह्ये नको."
मला नेमके तेच हवे होते. बोलले नाही.

याआधी कुडाळच्या एकाने करून दिली होती तिला.
नाव घेतलं स्वतःच्या नावावर, पैसे घेतले रोख,
आता त्याचा फोन लागत नाही.
तो पत्ता उघडला की इंग्रजीत एक ओळ येते.
मी वाचून दाखवली : हे नाव विकणे आहे.
किंमत डॉलरात.
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
"माझाच नाव. आणि माकाच इकतत."

दुसरं शोधलं. खवणेकर गेलेलं, आगळ गेलेलं,
ताराबायचं आगळ, जोडून, मोकळं होतं.
फॉर्म उघडला. मालकाचं नाव.
सवयीने मी समोरच्या परवान्यावरून टाइप करू लागले :
गजानन...
"थांब गे."
बोटं थांबली.
"घर तेच्या नावार. कलमां दिराच्या नावार.
होडी बँकेच्या." पुढे काही बोलली नाही.
मी एकेक अक्षर मागे घेतलं.
तारामती, तिने सांगितलं, सावकाश,
जणू शाळेतली हजेरी चालली आहे.

ओटीपी गेला मुलग्याच्या फोनवर, मडगावला.
तो बर्फाच्या फॅक्टरीत, पाळीवर. उचलेना.
दहा मिनिटं. मुदत संपली.
मग तिने ब्लाउजातून बटणांचा फोन काढला,
त्याला रबर लावलेलं.
"हेच्यार धाड."
आला. सहा आकडे तिने वाचले,
मध्ये एकदा चष्मा पुसून.

पैसे मोजून दिले, पीठ टेबलावर ठेवलं,
आणि जिन्यावर तीन पायऱ्या उतरून परत वर आली.
"पावसात मी काय करनंय नाय. तेव्हा ह्यां बंद करूक येता?"
बंद कशाला? फक्त पाटी लावू.
"तर मगे लिव,
बाय हंयच आसा. सोलां नाय."

तसंच लिहिलंय.