सायीची जाडी

किउरुवेसीत रात्रभर बर्फ पडलं,
नमुने न्यायची गाडी आलीच नाही.
हिल्का कार्प्पिनेनची नळी
आमच्या फ्रिजमध्ये उभ्याउभ्या झोपली.

सकाळी पाहिलं तर
तळाशी रक्त, त्यावर पिवळट पाणी,
आणि त्याच्याही वर
साय.
बोटभर नाही, पण चांगली नखभर.

रुग्णाला दाखवत नाहीत असलं काही.
पण ती नेमकी तेव्हाच रिकामं कॅन न्यायला आलेली,
बुटांवरचं बर्फ दारात आपटत,
आणि चाळीस वर्षं धारा काढलेल्या बाईपासून
साय कशी लपवणार?

तिनं नळी उजेडाकडे धरली, डोळा बारीक केला.
"साडेचार टक्के," म्हणाली.
"डेअरीवाल्यांनी वरचा भाव दिला असता."
मी हसले. मग ते हसू कुठं ठेवावं कळेना.

नवव्या वर्षापासूनची साखर तिची.
बटाटे शिजले की त्याच चुलीवर
आई काचेची सिरिंज उकळायची.
सुई टोचून घेऊन ही गोठ्यात पळायची;
हेलुनाच्या पोटाला गाल टेकला की
मांडी ठणकायची थांबे, असं सांगते.

मी कागदावरचं वाचून दाखवलं:
ट्रायग्लिसराइड, लायपोप्रोटीन, अल्ब्युमिन.
चांगलं कोलेस्टेरॉल आहे, पण नावापुरतं.
"फेस येतो गं," ती म्हणाली,
"बादलीत पहिली धार पडल्यावर येतो तसा.
मला वाटलं, नव्या साबणाचा."

मग बराच वेळ गाळणीबद्दलच बोलत राहिली.
कापडी चकती रोज नवी लावायची,
काडीकचरा वर, दूध खाली.
एकदा फाटलेली कळलीच नव्हती,
अख्खा टँकर परत आला.
"माझ्या आतली कधी फाटली?"

तारीख मला माहीत नव्हती.
काम उलटं झालंय, एवढंच सांगता आलं.
जे जपायचं तेच निसटतंय,
आणि नको ते पाहुणे मुक्काम ठोकून बसलेत.

गाई गेल्या शरदात विकल्या तिनं.
तरी पहाटे साडेचारला जाग येते,
मग बोट टोचते, साखर बघते.
"कुणाची तरी धार काढायला हवी ना."

पुढल्या बुधवारी पुन्हा.
चोवीस तासांची लघवी, थेंबही न सांडता.
तिनं कॅन उचललं,
प्लास्टिकचं, तीन लिटरचं, रिकामं,
आणि गोठलेल्या अंगणातून गाडीकडे निघाली,
दुसरा हात अंगापासून लांब धरून,
तोल सांभाळत,
भरलेलं असल्यासारखी.