धुण्याचं पाणी

लोक म्हणतात, आता या संघात पाणी राहिलं नाही.
लोक म्हणजे बारमधले,
म्हणजे एल्बिओ, त्याचा मेहुणा
आणि खाटकाकडचा तो हिशेबनीस
ज्याने उभ्या जन्मात चेंडू अडवला तो एकदाच, तोंडाने.

मला कुणी विचारत नाही.
मी नेलिदा. एकेचाळीस वर्षं या क्लबचे कपडे धुते.
पाण्याबद्दल मला विचारायला हरकत नव्हती.

उरुग्वेतलं नदीकाठचं गाव आमचं,
पलीकडचे दिवे अर्जेंटिनाचे.
मांसाचा कारखाना चालू होता तेव्हा
भोंगा झाला की पोरं सुऱ्या धुऊन थेट मैदानात.
सोमवारी मी टब भरायचे.
पहिलं पाणी चिखलाचं.
दुसरं रक्ताचं, कुणाच्या ते विचारायचं नाही.
तिसरं नुसतं गुलाबी. ते जिरेनियमला घालायचे.
काय माजले होते जिरेनियम!

सहा वर्षं चषक हलला नाही इथून.
राजधानीचे संघ बसमधून उतरताना
आधी पायाखाली बघायचे.
वॉशिंग्टन तेचेराने तर एकदा
तुटलेला दात मोज्यात खुपसला
आणि उरलेला अर्धा तास खेळला.
दात मंगळवारी मला सापडला.
किडका होता.
गाव ती गोष्ट अजून सांगतं,
सांगता सांगता आता एकाचे तीन दात झालेत.

हल्ली यंत्र आहे. गोल काच, निळं बटण.
शर्ट असे येतात की हुंगून ठरवावं लागतं,
घातला होता की नाही.
शनिवारी चार-शून्य हरलो
आणि एका गुडघ्याला खरचटलेलं नाही.
एल्बिओ म्हणाला, खेळाडू कसले, गाद्या आहेत, गाद्या.
अध्यक्ष खाली आले, म्हणाले,
बाई, थोडा चिखल राहू द्या शर्टांवर,
फोटोत बरं दिसतं.
मी म्हटलं, हं.
हं म्हणजे हो नव्हे.

कारण मी वॉशिंग्टनच्या घरचंही धुणं धुतलंय,
ओल्गा अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी.
त्याच्या उशीचा अभ्रा.
घामाचं मीठ कडेला जमतं, मानेपाशी.
हे मधोमध होतं.
दर रविवारी रात्रीचं.
ओल्गाला मी सांगितलं नाही, बारमध्ये तर नाहीच.
पुढे बावन्नाव्या वर्षी तो माझं नाव विसरला,
मग ओल्गाचं.
कुणी चेंडू टाकला की डोकं मात्र अजून पुढे करायचा.

आणि परवा तो माइकोल,
एकोणीस वर्षांचा, कानात बाळी,
कोपरावर कुणाच्या तरी आपटला,
उठला, दोन पावलं तिरका चालला,
आणि हात वर केला.
मला दोन-दोन दिसतंय, म्हणाला.
बाहेर यायचं तर प्रेक्षकांच्या कडेकडेनंच यावं लागतं,
सबंध मैदान.
शिट्ट्या. संत्र्याची सालं. कुणीतरी त्याच्या आईला मध्ये आणलं.
तो धावला नाही, मान खाली घातली नाही.
एकदा वाटलं, थांबून बाळी चाचपतोय.

वॉशिंग्टनने कधी हात वर केला नव्हता.
कुणी करूच दिला नसता, मीसुद्धा.
मीसुद्धा तेव्हा ओरडायचे, ऊठ!
माझा आवाज मोठा होता.

काल यंत्र चालू केलं, शर्ट आत टाकले,
दहा नंबरचा बाजूला ठेवला
आणि जुना टब काढला माळ्यावरून.
पहिलं पाणी स्वच्छ.
दुसरं स्वच्छ.
तिसऱ्यात संत्र्याची एक बी निघाली.

जिरेनियमला घातलं.
बघू.