टिचकी

मासिकाचं नाव ‘मुरमाड’.
वय एक्केचाळीस. वर्गणीदार तीनशे बारा,
त्यातले हयात किती, ते पोस्टमनलाच ठाऊक.
पगार सरांनी रविवार कारंज्याच्या जिन्यात मला थांबवून सांगितलं,
‘वेबसाइट नवी करून दे. तुझे पैसे जाहिरातींतून सुटतील.’
आडनाव पगार, आणि पगाराचं बोलणं हे असं, जिन्यातलं.

जुनी साइट उघडली तर
मथळ्याखाली एक पणती फडफडत होती,
कुठल्याशा दिवाळीपासून कुणी विझवलीच नव्हती.
आधी ती विझवली.
मग ‘द्राक्ष’ जोडलं, दोन हजार आठपासून
त्याचे तुकडे पानभर सांडलेले.
लांब ओळी कुठे मोडायच्या, म्हणून कवींना फोन केले.
एकाने विचारलं, ‘मोडायलाच हवी का?’
मी म्हटलं, स्क्रीन चार बोटं रुंद आहे, दादा.

उजवीकडे चौकट ठेवली जाहिरातीसाठी,
तीनशे बाय अडीचशे.
तिथे काय उगवेल ते माझ्या हातात नाही:
तहानेच्या कवितेशेजारी पाणी शुद्ध करणारं यंत्र,
बायकोवरच्या मृत्युलेखाला लगटून
‘तुमच्या समाजातील अनुरूप स्थळं’.
ते स्थळ मी रात्री दीड वाजता बंद केलं.

शौचे काका जिना चढून आले.
तीस दिवाळ्या याच माणसाने लुनावरून
सराफ बाजार ते सातपूर जाहिराती गोळा केल्या.
चौकटीवर बोट ठेवून म्हणाले,
‘ही कोणी आणली?’
कोणीच नाही, आपोआप येते.
‘मग पैसे मागायला कोणाच्या दारात उभं राहायचं?’
खात्यात येतात, काका. शंभर डॉलर साठले की.
‘साठले किती?’
अकरा.
‘म्हणजे उधारीवालाच. चहा तरी पाजतो का?’

मी वाचकांचा आलेख दाखवला.
चष्मा कपाळावर सारून निळी रेघ त्यांनी पाहिली,
पुराच्या दिवसांत पुलावरून पाहतात तशी.
‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर?’
घोट्यापर्यंत.
‘चालेल. पाय तर भिजले.’

गुरुवारी पुन्हा आले. रुमालात जस्ताचा ब्लॉक,
तांबट आळीतल्या दुकानाचा:
एक बंब, दोन घागरी, पाच आकडी फोन नंबर.
‘गल्ल्यावर आता नातू बसतो. म्हणाला, दरवर्षीचीच टाका.’
पाचशेच्या तीन नोटा मोजून ठेवल्या,
पावतीपुस्तक त्यांचंच, कार्बनसकट.
मी ब्लॉकला शाई लावली, ठसा घेतला, स्कॅन केला.
बंबाच्या तोटीवर ओरखडा होता, तो राहू दिला.
लिंक कुठली देणार? दुकानाला साइट नाही,
त्या नंबरावर आता कुणी उचलत नाही.
दाबलं तर जाहिरात कुठेच जात नाही.

सोमवारी अहवाल आला:
दोनशे सहा जणांना दिसली, नऊ जणांनी दाबली.
काकांना फोन करून सांगितलं, नऊ क्लिक.
‘म्हणजे काय?’
सुरुवातीला मराठीत टिचकी म्हणायचे.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
‘बरोबर आहे,’ म्हणाले,
‘घागर घेताना मारतातच. आधी आवाज ऐकतात.’
आणि मग, जरा काळजीने,
‘फुटकी तर नाही ना वाजली?’