पाठ

मालिकेतला तो देखणा माणूस
मोटारसायकल चालवत नव्हता, हे आधी सांगून टाकते.
त्याला ती येतच नव्हती.
उभ्या गाडीवर बसून तो हसायचा,
दोघे जण मागून गाडी हलवायचे
आणि एक जण समोर पंखा धरायचा.

चालवायचे आमचे दादा.
बाळकूमचे धर्माजी केणी, कारखान्यात रजा टाकून,
दिवसाचे साठ रुपये, नाश्ता वेगळा.
त्याचंच जाकीट, खांद्यात घट्ट,
त्याचीच टोपी, भुवयांपर्यंत ओढलेली.

दर गुरुवारी साडेआठला तो नव्या गावात यायचा.
कुणाची गहाण जमीन सोडवायचा,
एका आंधळ्या तबलजीचा चोरलेला तबला
त्याने दोन भाग खर्चून परत आणला.
जेवून जा म्हटलं की मान हलवायचा
आणि निघायचा.

ती सगळी गावं म्हणजे घोडबंदर रोड.
गायमुखाच्या अलीकडचा एकच तुकडा.
जाताना खाडी उजवीकडे, येताना डावीकडे,
मैलाच्या दगडावर खडूने दर वेळी दुसरं नाव.

शेवटी धूळ, आणि लहान होत जाणारी पाठ.
आळीतल्या एकुलत्या टीव्हीपुढे
चाळीस माणसं गप्प व्हायची.
कावेरीकाकू तर पदर डोळ्यांना लावायची,
जिने विहिरीच्या पाण्यावरून
दादांशी तीन वर्षं अबोला धरला होता.
दादा दाराबाहेर उभे. आत जागा कुठली?
आई पुटपुटायची, "शर्ट बाहेर आलाय बघा तुमचा."

मी शाळेत सांगितलं. पोरी म्हणाल्या, तोंड दाखव.

एरवी दादांनी कुणाला तारल्याचं मला आठवत नाही.
उसने मागायला कुणी आलं
की घरात नाहीत म्हणून सांगायला मलाच पाठवायचे.

परवा त्यांना स्कूटरवर मागे बसवून
डोळ्यांच्या डॉक्टरकडून आणत होते.
मेट्रोच्या खांबांखाली सगळं तुंबलेलं.
कानाशी म्हणाले,
"कट म्हणेपर्यंत जात राहायचं असायचं.
एकदा ऐकूच आलं नाही. पार चेण्याच्या पुढे गेलो."
मग?
"मग काय. सुकटीची पाटी घेऊन एक बाई उभी होती,
एसटी चुकलेली. तिला भाईंदर फाट्याला सोडली.
डायरेक्टर तापला. साठातले वीस कापले."

तिने ओळखलं का तुम्हाला? म्हणजे, त्याला?

"तोंड कुठे बघितलं तिने?
मागे बसलेली ती."

पुढचा ट्रक हलला. मी गिअर नसलेल्या गाडीचा
उगाच गिअर शोधला.
खांद्यावर त्यांचा हात, हलका, सुरकुतलेला.
थोडं पुढे गेल्यावर म्हणाले,
"ओढणी आवर. चाकात जाईल."